ठसका लागला तेव्हा मूल काय करत होतं?

बालआरोग्य : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे (ऑगस्ट २०२१)

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं 'तिसरी लाट मुलांवर येणार का' याच प्रश्नाची आहेत. त्यावर मागच्या अंकात लिहून झालंय, पुन्हा लिहीत नाही. देवगड तालुक्यातून एक पत्र आलं आणि त्याच्यामुळे हे सदर या वेळी एकाच गोष्टीला द्यायचं ठरवलं: लहान मुलाच्या श्वासनलिकेत गेलेली वस्तू, आणि घरात कोविड असताना ती कशी लपून राहते. त्याला जोडून येणारी आणखी काही पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे. सासरे कोविड पॉझिटिव्ह आले म्हणून आम्हा सगळ्यांची टेस्ट झाली. त्यात बाळही पॉझिटिव्ह निघालं. त्याला ताप एकच दिवस होता, तोही बारीक. पण खोकला जायला तयार नाही. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, नंतर नेब्युलायझर दिला. नेब्युलायझर दिला की दोन दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. रात्री झोपला की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. एक्स-रे काढला, नॉर्मल म्हणाले. सासूबाई म्हणतात की टेस्टच्या दोन दिवस आधी पडवीत फणसाच्या आठळ्या खाताना त्याला मोठा ठसका लागला होता. पण पाणी पाजल्यावर तो खेळायलाही लागला होता. कोविडचा खोकला किती दिवस राहतो?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : तुमचा मेसेज आला त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून हातात पडेपर्यंत थांबायचा हा प्रश्न नव्हता. पुढचं सगळं तुमच्या परवानगीने लिहिते आहे.

तुम्ही मला कोविडच्या खोकल्याचे दिवस विचारलेत. मला मात्र सासूबाईंशी बोलायचं होतं. फोन त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी एका दमात सांगितलं, "झील अगदी बरो होतो गो. आठळी खाताना ठसको लागलो आणि तेच्या मगे खोकूक लागलो." या दोन वाक्यांत अर्धं निदान आहे. पत्रात ती टेस्ट, औषध, नेब्युलायझर आणि एक्स-रे यांच्या मागे, शेवटी आली आहेत. दवाखान्यात ती पहिली सांगायची.

विषाणूचा खोकला हळूहळू येतो. आधी नाक गळतं, मूल किरकिरं होतं, अंग गरम लागतं, मग खोकला वाढत जातो. कधीपासून म्हणून विचारलं तर घरचे म्हणतात, "परवापासून असेल." श्वासनलिकेत काही गेलं तर खोकल्याची वेळ सांगता येते: आठळी तोंडात होती, हसत पळत होता, अचानक ठसका, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. असा प्रसंग कोणी पाहिला असेल तर वस्तू आत नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आत आहे असंच आम्ही धरून चालतो. एक्स-रे नॉर्मल असला तरीही.

मग मूल लगेच खेळायला कसं लागलं? सगळ्यांची फसगत होते ती इथेच. वस्तू मुख्य श्वासनलिकेतून खाली, एका फुफ्फुसाच्या फांदीत सरकली की सुरुवातीचा जोरदार खोकला थांबतो. दुसरं फुफ्फुस काम करत असतं. मूल जेवतं, झोपतं, हुंदडतं. ही शांतता काही तासांची असते, कधी काही आठवड्यांची. घरच्यांना वाटतं, गिळलं असेल. त्या फांदीत मात्र सूज वाढत असते. आठळी, हरभरा, वाटाणा ओलाव्याने फुगतात. शेंगदाण्यातलं तेल आतल्या नाजूक त्वचेला जाळतं, म्हणून दाणा आकाराच्या मानाने जास्त उपद्रव करतो. मग सुरू होतो घरघरणारा श्वास, तोच तोच खोकला, ताप, त्याच बाजूचा न्यूमोनिया.

तुमच्या घरात याच मधल्या दिवसांत कोविडचा रिपोर्ट आला. घरात आजोबा पॉझिटिव्ह असताना त्यांच्या मांडीवर बसणारं मूल पॉझिटिव्ह येणं यात नवल नाही. टेस्ट नाकाघशातला विषाणू सांगते. उजव्या फुफ्फुसाच्या तोंडाशी काय बसलंय हे तिला कळत नाही, आणि एका मुलाला दोन्ही असू शकतं. पण एकदा रिपोर्ट आला की विचारपूस तिथेच थांबते. पुढची प्रत्येक शिंक, प्रत्येक घरघर त्याच खात्यात जमा होते. गेल्या दीड वर्षात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे.

एक्स-रेबद्दल. आठळी, काजू, खोबरं, शेंगदाणा, प्लॅस्टिकचा मणी यांतलं काहीही एक्स-रेवर दिसत नाही. धातू दिसतो, खडा दिसतो. बाकी वस्तूंचा फक्त परिणाम दिसतो. तुकडा फांदीत अडकला की श्वास घेताना फांदी थोडी रुंदावते आणि हवा आत जाते. श्वास सोडताना फांदी आवळते आणि हवा बाहेर येत नाही. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हचं काम आठळीचा तुकडा करू लागतो. ते फुफ्फुस फुगलेलंच राहतं, फिल्मवर जास्त काळं दिसतं आणि हृदयाला पलीकडे ढकलतं. कोविडच्या दिवसांत एक्स-रे हातात घेणाऱ्याची नजर पांढरे डाग शोधत असते. इथे शोधायचा असतो जास्तीचा काळेपणा. शिवाय तो श्वास सोडतानाच्या फिल्मवर नीट कळतो, आणि एकोणीस महिन्यांचं पोर सांगितल्यावर श्वास सोडून थोडंच थांबणार? म्हणून त्याला एकदा उजव्या, एकदा डाव्या कुशीवर झोपवून फिल्म काढतात. खालच्या बाजूचं फुफ्फुस दबायला हवं. दबलं नाही तर तिथे काहीतरी अडलंय. तरीही शंका राहिली आणि मूल स्थिर असलं, तर कमी किरणांचा सीटी स्कॅन करता येतो.

नेब्युलायझरने दोन दिवस बरं वाटायचं याचंही कारण आहे. औषधाने आवळलेल्या नळ्या सैलावतात, स्टेरॉइड असेल तर सूज उतरते, हवेला वाट मिळते. तुकडा जागेवरच असतो. औषधाचा असर संपला की पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, त्याच दिवशी फोनवरून औषधोपचार करण्याचे देशपातळीवरचे नियमही आले, आणि त्यांच्यामुळे कित्येक घरांना डॉक्टर मिळाला. मीही फोनवर पुष्कळ पेशंट पाहिले. पण डाव्या-उजव्या छातीचा आवाज फोनवर ताडून पाहता येत नाही. आणि "ठसका लागला होता का?" हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर घरचे आपणहून सांगत नाहीत. त्यांना तो आजाराचा भाग वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला आमच्याकडे आणलंत. उजव्या बाजूला हवा स्पष्ट कमी ऐकू येत होती. कुशीवरच्या फिल्ममध्ये उजवं फुफ्फुस दबलं नाही. फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलंत, तिथे भूल देऊन दुर्बिणीने तुकडा काढला. अर्धी आठळी, फुगून पांढरट झालेली. तिसऱ्या दिवशी बाळ घरी. कोविडची लक्षणं त्याला, खरं सांगायचं तर, जवळजवळ नव्हतीच.

प्रश्न : आम्ही घरोघर ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन फिरतो. लहान मुलाला खोकला आहे पण ऑक्सिजन ९७ दाखवतो, तर घरीच ठेवा म्हणून सांगायचं का?
— एक आशाताई, मालवण तालुका

उत्तर : ताई, ९७ आकडा चांगला आहे, पण तो सगळ्या शरीराचा मिळून आहे. एका फुफ्फुसाची वाट अर्धी अडली आणि दुसरं नीट चालू असलं तर तो सहज ९७ येतो. त्यातून तुमच्याकडचं यंत्र मोठ्यांच्या बोटाचं. दीड वर्षाच्या मुलाच्या बोटावर ते नीट बसत नाही, मूल हात झटकतं आणि आकडा नाचतो. पायाच्या अंगठ्याला लावा, पाय गार असेल तर आधी चोळून गरम करा, आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा.

तुमच्याकडे यंत्रापेक्षा चांगलं साधन आहे: तुम्ही त्या घरात बसू शकता. मुलाचा सदरा काढायला सांगा, उजेडात धरा, आणि छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का बघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. प्रशिक्षणात शिकवलेले आकडेच इथेही लागू आहेत. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि विचारा. पण "याला आठळी दिली कोणी?" असं विचारलंत तर आख्खं घर गप्प होईल. सासू-सुनेत आधीच कोणाकडे दोष द्यायचा यावर धुसफूस चालू असते. "खोकला लागला तेव्हा काय खात होता, कुठे खेळत होता?" असं सहज विचारा. घरातल्या मोठ्या भावंडाला वेगळं विचारा. शाळा बंद आहेत, सहा-सात वर्षांची पोरं धाकट्यांना सांभाळतायत, आणि ती फार प्रेमाने भरवतात. एका घरात सगळे नाही नाही म्हणत होते, तेव्हा थोरल्या बहिणीने फ्रॉकचं टोक चावत सांगितलं, "मी चिंचोका दिला होता, पण एकच."

प्रश्न : बायको-मुलं दापोलीजवळ गावी आहेत, मी डोंबिवलीत. मुलीला (वय अडीच) शेंगदाणा अडकल्याचा संशय आहे, दुर्बिणीने तपासायचं ठरलंय. पण आधी आरटी-पीसीआर करा म्हणतात. रिपोर्टला दिवस जातो. थांबणं बरोबर आहे का? भूल देणं धोक्याचं नाही ना? आणि तो दाणा खोकल्याने आपोआप निघणार नाही का?
— एक वडील

उत्तर : तुम्हालाही फोनवर उत्तर दिलंय. इथे इतरांसाठी.

थांबायचं की नाही हे रिपोर्ट ठरवत नाही, मुलीचा श्वास ठरवतो. धाप लागली असेल, ओठ काळे-निळे पडत असतील, तर पथक पीपीई किट घालतं, मूल पॉझिटिव्ह आहे असंच गृहीत धरतं आणि लगेच काम सुरू करतं. मूल स्थिर असेल तर तपासणी करून, तयारीने केलेलं बरं. थांबायचं ते रुग्णालयात, घरी नव्हे. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून दुर्बीण रद्द होत नाही. फक्त जागा आणि कपडे बदलतात.

रिपोर्टचा आग्रह उगाच नाही. ही दुर्बीण म्हणजे एक ताठ नळी. ती तोंडावाटे थेट श्वासनलिकेत जाते, आणि भूलतज्ज्ञ त्याच वाटेने मुलाला श्वास देत असतात. मूल मध्येच खोकलं तर आतली हवा समोरच्यांच्या तोंडावर येते. कोविडमध्ये यापेक्षा जोखमीची कामं थोडीच आहेत.

भुलीत जोखीम असते, आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत ती थोडी जास्त. म्हणून हे काम लहान मुलांना नियमित भूल देणाऱ्या ठिकाणी करायचं. तालुक्याच्या गावात नाही झालं तर नाही. दाणा आत ठेवण्याची जोखीम मात्र याहून मोठी आहे. आपोआप निघाल्याची उदाहरणं आहेत, पण इतकी विरळ की त्या भरवशावर कोणी बसू नये. आठवडे गेले की तुकड्याभोवती मऊ मांस वाढतं, हात लावला की रक्त येतं, आणि काढणं अवघड होतं. महिने गेले तर फुफ्फुसाचा तो भाग कायमचा खराब होऊ शकतो.

हे तंत्र काही कालचं नाही. १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा नळीतून काढला. पुढे अमेरिकेत शेव्हलिए जॅक्सन यांनी लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या वस्तू जपून ठेवल्या: पिना, बटणं, नाणी, दाणे, खेळण्यांचे तुकडे. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात त्यांच्या संग्रहात २,३७४ वस्तू आहेत. तिथे आठळी नसणार, एवढं मी खात्रीने सांगते.

प्रवासाचं सांगते, कारण दापोलीहून कुठेही जायचं म्हटलं तरी बराच वेळ जातो. मुलीला काही खायला-प्यायला देऊ नका, पोट रिकामं लागतं. तिला ज्या स्थितीत बरं वाटतं त्याच स्थितीत मांडीवर बसवा. ती नीट श्वास घेत असताना पाठीवर थोपटू नका, उलटं धरू नका. खाली बसलेला दाणा वर येऊन स्वरयंत्रात अडकला तर दोन्ही फुफ्फुसांची वाट बंद होते.

प्रश्न : नातीला मांदेलीचा काटा लागला. हिने भाताचा गोळा गिळायला लावला. हाही प्रकार तसाच का?
— एक आजोबा, गुहागर

उत्तर : नाही, आजोबा. काटा बहुतेक वेळा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो, कधी अन्ननलिकेत. मूल घशाकडे बोट दाखवतं, गिळताना रडतं, लाळ गाळतं, पण श्वास आणि आवाज ठीक असतो. भाताच्या गोळ्याने किंवा केळ्याने काटा कधी जातो, कधी आणखी खोल रुततो. तो खेळ करू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, ते उजेडात चिमट्याने काढतात. मात्र आवाज बसला, श्वासाला घरघर लागली तर तो वरच्या उत्तरांतला प्रकार समजा आणि निघा.

प्रश्न : मूल समोरच गुदमरायला लागलं तर काय करायचं? पालकसभा ऑनलाइन आहे, मला सांगायचं आहे.
— एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : बाई, पहिली गोष्ट अशी सांगा: मूल खोकतंय, रडतंय, बोलतंय तोवर हात लावू नका. त्याचा खोकला तुमच्या थापटण्यापेक्षा जोरकस असतो. तोंडात बोट घालून चाचपू नका, वस्तू आत ढकलली जाते. स्पष्ट दिसत असेल तरच काढा.

आवाजच फुटत नाही, खोकला निघत नाही, चेहरा निळा पडतोय, अशा वेळी हात चालवायचे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पुन्हा पालथं, पुन्हा पाच. बाळाच्या पोटावर दाबायचं नाही. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच फटके, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, मूठ आत आणि वर अशी पाच वेळा. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. मूल निपचित पडलं तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला आणि श्वास द्यायला सुरुवात करा, दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा. पालकसभेत एखादी बाहुली घेऊन दाखवा, नुसतं ऐकून हे लक्षात राहत नाही.

वस्तू निघाली, मूल हसलं, तरी त्या दिवशी डॉक्टरांना छाती ऐकायला लावा. अर्धा तुकडा आत राहू शकतो.

प्रश्न : डिजिटल थर्मामीटरमधला बटणसेल सापडत नाही आणि धाकटा दोन वर्षांचा आहे.
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : तुमचा सेल सोफ्याखाली सापडल्याचा दुसरा मेसेज आला, हायसं वाटलं. तरी लिहिते, कारण कोविडमुळे आता घरोघरी थर्मामीटर आहे. बटणसेल नाकात किंवा अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत भाजायला सुरुवात होते. शंका आली की वाट न पाहता एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जायचं. सेल एक्स-रेवर दिसतो, गोल आणि कडेला दुहेरी रेघ. नाण्यासारखा दिसतो म्हणून त्याला नाणं समजून घरी पाठवू देऊ नका, "बटणसेल असेल" असं तोंडाने सांगा.

प्रश्न : मग काजू-शेंगदाणे द्यायचेच नाहीत का? आमच्या घरी काजूची बाग आहे!
— एक आजी, वेंगुर्ला

उत्तर : द्या की, पण दळून, कुटून. पहिली दाढ सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येते, तिच्या मागची दोन-अडीच वर्षांची झाल्यावर. तोवर मुलाला पुढच्या दातांनी तोडता येतं, चावून बारीक करता येत नाही. दाढा आल्या तरी गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो. अख्खा दाणा, काजूगर, फुटाणे, सुपारी, खोबऱ्याचा कडक तुकडा पाच वर्षांपर्यंत नको. आठळी उकडून कुस्करून भाजीत चालेल. जांभूळ, रतांबा, सीताफळ बी काढून द्या. बसवून भरवा, हसवत किंवा पळवत नको.

पुढच्या महिन्यात १० तारखेला गणपती येतायत. चाकरमानी टेस्ट करून येतील, मास्क लावतील, सगळं नियमाने होईल. आरती झाली की मात्र कोणीतरी प्रेमाने लहानग्याच्या मुठीत फुटाणे आणि खोबऱ्याचे तुकडे कोंबणारच. ती मूठ तिथल्या तिथे उघडून रिकामी करा आणि तिच्यात मोदकातलं मऊ चून (सारण) द्या.